यादवीनंतर खिडकीमागे कोण बसतं?

बोस्नियातलं युद्ध १९९५ च्या डिसेंबरात कागदोपत्री संपलं. तरी पुढची दोन वर्षं गाडी घेऊन पलीकडच्या भागात जायची लोकांची छाती होत नव्हती. नाटोचे सैनिक पहाऱ्याला होते, हवं तिथे फिरण्याचा हक्क डेटनच्या शांतता करारात लिहिलेला होता. अडचण होती ती नंबरप्लेटची. बोस्नियाक, म्हणजे तिथल्या मुसलमानांच्या, भागातल्या प्लेटवर लिलीच्या फुलाची ढाल, क्रोएट भागात तांबड्या-पांढऱ्या चौकटी, सर्ब भागात सिरिलिक अक्षरं. गाडी लांबून दिसली की आत कोणाचा माणूस बसलाय ते कळायचं, आणि पुढचं सगळं रस्त्यात उभ्या असलेल्यांच्या मर्जीवर. १९९८ मध्ये कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधींनी साऱ्या देशासाठी नव्या प्लेट सक्तीच्या केल्या. त्यांवर कोणत्याही गटाचं चिन्ह नव्हतं, गावाची खूणही नव्हती. अक्षरंसुद्धा पारखून घेतली होती : ए, ई, जे, के, एम, ओ, टी. ही सातही अक्षरं लॅटिन लिपीत लिहा नाहीतर सिरिलिक, दिसतात सारखीच. हळूहळू गाड्या ती रेषा ओलांडायला लागल्या.

पत्र्याच्या त्या तुकड्याबद्दल वाचल्यापासून यादवीनंतरच्या उभारणीकडे बघण्याची माझी मोजपट्टी बदलली. करारावर कोणी सह्या केल्या, निवडणूक कधी झाली, देणगीदार देशांनी किती पैसा कबूल केला, किती पूल बांधले, या गोष्टींचा हिशेब मांडायची आपल्याला सवय आहे. मला मात्र एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं. तिथल्या साध्या माणसाला घराचा ताबा, जमिनीचा उतारा, मुलाचा शाळाप्रवेश, मृत्यूचा दाखला, पोलिसातली तक्रार यांतलं काहीही मिळवण्यासाठी आपल्या गटाच्या म्होरक्याचा उंबरा झिजवावा लागतो का? तो झिजवावा लागत असेल तर त्या देशात फक्त गोळीबार थांबलेला आहे.

असं मी का म्हणतो? यादवी म्हणजे जुना द्वेष एकदम उफाळून येणं, असं सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. सरकार नावाची गोष्ट नाहीशी होते तेव्हा पिठाचं पोतं, डिझेलचा कॅन, चौकीवरून सुटायची चिठ्ठी, पळून गेलेल्यांच्या रिकाम्या घराची किल्ली हे सगळं एका माणसाच्या हातात येतं. त्याच्याकडे बंदूकधारी पोरं असतात. लोक त्याच्यावर प्रेम करतातच असं नाही. पण पोरंबाळं जगवायची तर त्याच्याशिवाय गत्यंतर नसतं. ही लाचारी चार-पाच वर्षं अंगवळणी पडली की तिलाच निष्ठा म्हटलं जातं. युद्ध संपल्यावर हा माणूस कुठेही जात नाही. त्याला फक्त नवी खुर्ची हवी असते, आणि शांतता करार बहुतेक वेळा ती देतो.

आपल्या भाषेनं गृहयुद्धाला दिलेला शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. प्रभासक्षेत्री यादव एकमेकांवर तुटून पडले आणि कुळ संपलं, एवढं सगळ्यांच्या लक्षात असतं. पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. मागे उरलेल्या बायका, मुलं, म्हातारे यांना घेऊन अर्जुन निघाला. वाटेत लुटारूंनी तो तांडा गाठला आणि ज्या धनुष्यानं कुरुक्षेत्र जिंकलं ते तिथे कामी आलं नाही. डोळ्यांदेखत बायका पळवल्या गेल्या. लढाई संपल्यानंतरच्या वाटेवर लढाईतली हत्यारं उपयोगी पडत नाहीत, हे त्या कथाकाराला ठाऊक होतं. या लेखाचा विषय तीच वाट आहे.

लेबनॉनचं उदाहरण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षं तिथे युद्ध चाललं. १९८९ मध्ये सौदी अरेबियातल्या ताइफ इथे करार झाला. संसदेत ख्रिश्चन आणि मुसलमान निम्मे निम्मे ठरले, मोठी पदं पंथांमध्ये आधीपासून वाटलेली होती तशीच राहिली. २६ ऑगस्ट १९९१ ला माफीचा कायदा आला. युद्धातल्या राजकीय गुन्ह्यांना माफी दिली गेली, पण त्यातून काही गुन्हे वगळले. कोणते? राजकीय पुढारी, धर्मगुरू आणि परदेशी मुत्सद्दी यांच्या हत्या. हे कलम सावकाश वाचावं. चौकीवर ओळखपत्र बघून ज्या दुकानदाराला, शिक्षकाला, टॅक्सीवाल्याला उतरवून मारलं त्याच्या खुनाला माफी होती. पुढाऱ्याच्या खुनाला नव्हती. कायदा कोणी कोणासाठी लिहिला हे त्या एका कलमावरून उघड होतं.

युद्धातल्या सशस्त्र गटांचे प्रमुख मग मंत्री झाले, संसदेत गेले. अमल चळवळीचे नबीह बेरी १९९२ पासून संसदेचे सभापती आहेत. विस्थापितांचं पुनर्वसन करणारं मंत्रालय बराच काळ वालिद जुंबलात यांच्याकडे होतं; १९८३ मध्ये डोंगराळ भागातून ज्या लढाईमुळे हजारो ख्रिश्चन कुटुंबं परागंदा झाली, तिच्यात त्यांचाच गट लढला होता. घरी परतायचं तर अर्ज घेऊन कोणाच्या दारात जायचं, याचा विचार त्या कुटुंबांच्या जागी बसून करून बघा. सरकारी नोकरी, इस्पितळातली खाट, शिष्यवृत्ती हे सगळं पंथाच्या पुढाऱ्यामार्फत मिळत राहिलं. तिथल्या शालेय इतिहासाची गाडी स्वातंत्र्याच्या आसपास येऊन थांबते, कारण युद्धाचा एकच इतिहास लिहायला हे पुढारी तयार नाहीत. बेपत्ता माणसांचा आकडा सतरा हजार सांगितला जातो. त्यांचा शोध घेण्याचा कायदा व्हायला २०१८ साल उजाडलं. ४ ऑगस्ट २०२० ला बैरुत बंदरातलं अमोनियम नायट्रेट फुटलं आणि दोनशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा त्या साठ्याची जबाबदारी कोणाकडे होती हे विचारणाऱ्या न्यायाधीशाची वाट याच व्यवस्थेनं अडवली. तो स्फोट आणि १९९१ ची माफी यांना मी वेगळं काढू शकत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. बंदुका ज्यांच्याकडे आहेत त्यांना टेबलाशी बसवल्याशिवाय युद्ध थांबत नाही. त्यांना काही मिळालं नाही तर ते पुन्हा जंगलात जातील. हे मला मान्य आहे. माझा आग्रह इतकाच की त्यांना काय द्यायचं आणि काय द्यायचं नाही यात फरक करावा. सिएरा लिओनमध्ये १९९९ च्या लोमे करारानं बंडखोरांचा नेता फोडे सांकोह याला माफी दिलीच, वर उपराष्ट्रपतीचा दर्जा आणि हिऱ्यांसकट खनिज संपत्तीची देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपदही दिलं. ज्या हिऱ्यांवर त्याचं युद्ध पोसलं गेलं, तेच त्याच्या ओटीत घातले. वर्षभराच्या आत त्याच्या माणसांनी संयुक्त राष्ट्रांचे शेकडो सैनिक ओलीस धरले. अशा माणसाला सभागृहात जागा द्या, पक्ष काढू द्या, अंगरक्षक द्या. खाण, जमीन, पोलीस ठाणं आणि दाखल्याची खिडकी मात्र त्याच्या हाती जाता कामा नये.

निवडणुकीची घाईही याच जातीची चूक आहे. अंगोलात सप्टेंबर १९९२ मध्ये मतदान झालं तेव्हा दोन्ही फौजा अजून हत्यारांसकट उभ्या होत्या. हरणाऱ्याला काहीच मिळणार नव्हतं. बंडखोरांचा नेता जोनास साविंबीनं निकाल झुगारला आणि युद्ध आणखी दहा वर्षं, तो मरेपर्यंत, चाललं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मोझांबिकचा करार रोममध्ये झाला. तिथे वर्षभरात घ्यायचं ठरलेलं मतदान पुढे ढकललं गेलं, आधी सैनिक घरी पाठवले, आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये मग मतपेट्या आल्या. मोझांबिकमध्येही २०१३ च्या सुमारास पुन्हा गोळीबार झाला, त्यामुळे ते आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. पण मधली दोन दशकं तिथल्या माणसांना मिळाली. लायबेरियात १९९७ ला युद्धसरदार चार्ल्स टेलर सुमारे पंचाहत्तर टक्के मतांनी निवडून आला. हा हरला तर पुन्हा लढाई पेटवील, या धास्तीनं असंख्य लोकांनी त्याला मत दिलं. त्या मतपत्रिकेला लोकांचा कौल म्हणताना माझी जीभ अडखळते.

पुन्हा बोस्नियाकडे येतो, कारण एकाच देशात दोन्ही रस्ते बघायला मिळतात. डेटन करारातच राज्यघटना जोडलेली आहे. अध्यक्षमंडळात तीन माणसं : एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. या तिघांत न बसणारा नागरिक तिथे उभाच राहू शकत नाही. रोमा समाजातले देर्वो सेय्दिच आणि ज्यू समाजातले याकोब फिंची यांनी याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि २२ डिसेंबर २००९ ला ते जिंकले. घटना मात्र बदललेली नाही. जिथे फक्त वांशिक गटाला मत आहे तिथे प्रत्येक निवडणुकीत ‘ते लोक येतील’ अशी भीती घालणाराच निवडून येतो, कारण शाळा चांगली केली म्हणून मत मागायला वावच ठेवलेला नाही. शाळांचं म्हणाल तर काही गावांत एकाच इमारतीत क्रोएट मुलं आणि बोस्नियाक मुलं वेगवेगळ्या अभ्यासक्रमात बसतात.

पण याच देशात घरांचा प्रश्न ज्या रीतीनं सोडवला ती मला शिकण्यासारखी वाटते. युद्धात माणसं हाकलली गेली आणि त्यांच्या घरांत दुसरी हाकललेली माणसं घुसली. सुरुवातीला पुढारी म्हणत, आमची इतकी माणसं तुमच्या बाजूला परत घ्या, मग तुमची इतकी घेऊ. म्हणजे घर परत मिळणं ही पुढाऱ्याची देणगी. १९९९ नंतर ही रीत मोडून काढली. युद्धाआधी घर कोणाचं होतं, एवढाच प्रश्न. अर्ज एकेका कुटुंबाचा, क्रमानं, त्याच्या कागदावर. सगळ्या नगरपालिकांना एकच नियम, आणि आडकाठी करणाऱ्या अधिकाऱ्याला उच्च प्रतिनिधी घरी पाठवीत. दोन लाखांच्या आसपास अर्ज होते, त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त निकाली निघाले. कित्येकांनी ताबा मिळाल्यावर घर विकलं आणि ते कायमचे दुसरीकडे राहिले. जुनी मिसळलेली वस्ती परत आली नाही, हे खरं आणि दुःखाचं आहे. तरी विकायचं की राहायचं हे त्या कुटुंबानं ठरवलं, आणि त्यासाठी त्याला कोणाचे पाय धरावे लागले नाहीत. माझ्या लेखी ही मोठी गोष्ट आहे.

लढलेल्यांच्या बाबतीतही हेच. नेपाळमध्ये २००६ च्या करारानंतर माओवादी लढवय्ये छावण्यांत ठेवले गेले, संयुक्त राष्ट्रांनी त्यांची तपासणी केली. १९,६०२ जण पात्र ठरले. ४,००८ जणांच्या नावापुढे शिक्का बसला : अयोग्य. त्यातले तीन हजारांच्या आसपास जण भरती झाले तेव्हा अल्पवयीन होते. म्हणजे ज्यांना मुलं असताना बंदूक दिली गेली त्यांच्यावर पहिला अन्याय पक्षानं केला, आणि दुसरा अन्याय त्या एका शब्दानं झाला. २०१० च्या सुरुवातीला ही मुलं-मुली छावणीच्या फाटकातून बाहेर पडली. पात्र ठरलेल्यांना पुढे सैन्यात जाण्याचा किंवा पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरी जाण्याचा पर्याय मिळाला. अयोग्य ठरलेल्यांना फक्त प्रशिक्षणाचे वर्ग देऊ केले गेले. नेपाळीत ‘अयोग्य’चा अर्थ मराठीत होतो तोच होतो. अठराव्या-विसाव्या वर्षी तो शब्द कपाळावर घेऊन गावी परतणं कसं असेल हे वेगळं समजावून सांगायला नको. छावणीत राहिलेल्यांच्या भत्त्यातून वरिष्ठांनी पैसे कापून घेतल्याचे आरोपही झाले. लढवय्याला त्याच्या कमांडरपासून सोडवायचं असेल तर पैसा त्याच्या नावावर आणि त्याच्या हातात जायला हवा, आणि त्याची ओळख लिहिणारा कागद त्याला माणूस म्हणणारा असायला हवा.

रवांडाकडे बोट दाखवून कोणी म्हणेल की तिथे ओळखपत्रावरून हुतू आणि तुत्सी हे शब्दच काढून टाकले, गावपातळीवरच्या सुमारे बारा हजार गचाचा न्यायालयांनी दहा वर्षांत एकोणीस लाखांच्या घरात खटले उरकले, रस्ते स्वच्छ आहेत. हे सगळं झालं, आणि १९९४ च्या नरसंहारानंतर तो देश उभा राहिला याबद्दल मला आदर आहे. पण गटाचे म्होरके जाऊन एकच म्होरक्या उरला. विजयी फौजेनं केलेल्या हत्या त्या न्यायालयांपुढे आल्याच नाहीत. २०२४ मध्ये पॉल कगामे यांना नव्याण्णव टक्के मतं पडली. अशा आकड्यामागे माणसं निर्धास्त झोपतात असं मला वाटत नाही.

आता श्रीलंका. तिथे करार झालाच नाही. मे २००९ मध्ये मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावर, नंदिकडल खाजणाशेजारच्या चिंचोळ्या पट्टीत सैन्यानं वाघांना, म्हणजे तमिळ बंडखोरांच्या एलटीटीई संघटनेला, संपवलं. हजारो सामान्य तमिळ माणसं त्यांच्याबरोबर मेली. जगून निघालेली पावणेतीन लाखांच्या वर माणसं वावुनियाजवळच्या छावण्यांत काटेरी तारेआड ठेवली गेली. मग उभारणी सुरू झाली आणि ती डोळ्यांत भरण्यासारखी होती. ए-नऊ महामार्ग गुळगुळीत झाला, ऑक्टोबर २०१४ मध्ये यालदेवी गाडी पुन्हा जाफन्याच्या फलाटाला लागली. पण केप्पापुलवूसारख्या गावांत लोकांच्या शेतांवर आणि घरांवर लष्करी तळ बसलेले राहिले. २०१७ मध्ये तिथल्या बायका तळाच्या फाटकाबाहेर महिनोन्‌महिने बसून होत्या, स्वतःची विहीर, स्वतःचं नारळाचं झाड तारेपलीकडे दिसत असताना. २०१३ ला उत्तर प्रांताची परिषद निवडून आली. जमीन आणि पोलीस हे अधिकार १९८७ च्या तेराव्या दुरुस्तीत लिहिलेले आहेत, ते तिला कधी मिळाले नाहीत. २०१८ मध्ये तिची मुदत संपली आणि वर्षानुवर्षं निवडणूकच झाली नाही.

उत्तरेतल्या मुसलमानांचं दुःख तर या हिशेबात कोणीच धरत नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये वाघांनी उत्तर प्रांतातून सुमारे पंचाहत्तर हजार मुसलमानांना हाकललं. जाफना शहरात त्यांना दोन तासांची मुदत होती. दागिने आणि पैसे वाटेत काढून घेतले. बहुतेक जण पुत्तलमच्या छावण्यांत राहिले आणि तिथेच एक पिढी मोठी झाली. २००९ नंतर ते परतू लागले तेव्हा सरकारी यंत्रणेला ते ‘जुने विस्थापित’ वाटले, तमिळ राजकारणाला अडचण वाटली. त्यांनी बंदूक उचलली नव्हती, म्हणून त्यांच्या वतीनं टेबलाशी कोणी बसलेलं नव्हतं. उभारणीची रचना म्होरक्यांभोवती केली की ज्यांना म्होरक्या नाही त्यांचं काय होतं, ते पुत्तलममध्ये दिसतं.

आणि बेपत्ता माणसं. ती फक्त तमिळ नाहीत. १९८७ ते ८९ च्या, जेव्हीपी या डाव्या पक्षाच्या उठावात दक्षिणेतली हजारो सिंहली पोरं रात्री घरातून उचलली गेली ती परत आली नाहीत. त्यांच्याही आयांनी मोर्चे काढले होते. बेपत्ता सैनिकांच्या आया वेगळ्याच. यांतल्या बाईला नवऱ्याच्या बँक खात्याला हात लावायचा, जमीन नावावर करायची, पेन्शन मागायची तर एकच कागद चालायचा : मृत्यूचा दाखला. म्हणजे तो मेला असं तिनं लिहून द्यायचं, कुठे मेला, कोणी मारला हे कोणी न सांगता. २०१६ मध्ये कायदा बदलून ‘गैरहजेरीचा दाखला’ निघाला. आता ती त्याला न मारता घर चालवू शकते. युद्धानंतर त्या देशात झालेल्या सगळ्या बांधकामांपेक्षा मला हा एक कागद मोलाचा वाटतो.

तो पुरेसा नाही. २० फेब्रुवारी २०१७ पासून किलिनोच्चीत रस्त्याच्या कडेला आया फोटो घेऊन बसल्या. बेपत्ता व्यक्तींचं कार्यालय स्थापन झालं, त्यात अर्ज साठले. त्यांतल्या अनेक आया वाट बघत वारल्या. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष गोताबाया राजपक्षे म्हणाले की बेपत्ता माणसं प्रत्यक्षात मेलेली आहेत आणि दाखले दिले जातील. कोणत्याही खड्ड्याचा, कोणत्याही आदेशाचा पत्ता न सांगता देशाच्या प्रमुखानं असं बोलणं म्हणजे पुन्हा त्याच जुन्या कागदावर अंगठा मागणं.

नोव्हेंबर २०२४ च्या संसदीय निवडणुकीत जाफना जिल्ह्यातल्या सहापैकी तीन जागा तमिळ पक्षांना न मिळता दक्षिणेतल्या एनपीपी आघाडीला मिळाल्या. तिचं नेतृत्व ज्या जेव्हीपीकडे आहे त्या पक्षाची स्वतःची माणसं १९८७-८९ मध्ये नाहीशी झाली होती, आणि त्यानंही तेव्हा कमी रक्त सांडलं नव्हतं. गटाची रेषा ओलांडून जाफन्याच्या मतदारानं इतका विश्वास टाकावा, हे युद्धानंतर पहिल्यांदा घडलं. त्या मताच्या बदल्यात पूल मागितलेला नाही. मे २००९ मध्ये वट्टुवाकल पुलाजवळ आपली माणसं आपण स्वतःच्या हातानं सैन्याच्या स्वाधीन केली, असं कुटुंबं सांगतात. त्या दिवशी कोणाकोणाला ताब्यात घेतलं त्याची यादी लावा, एवढीच त्यांची मागणी आहे. ती यादी कोलंबोतल्या एखाद्या कपाटात असेल तर तिला बाहेर काढायला देणगीदारांची परिषद लागत नाही.